वीतभर वाट

कांदा काढणीला आला की आमच्या घरात माणसांपेक्षा टरफलं जास्त होतात. ओसरीवर, अंथरुणात, चहाच्या कपात, सगळीकडं. परवा शाळेत वह्या तपासायला पिशवी उघडली तर त्यातून एक गुलाबी पापुद्रा तरंगत बाहेर आला आणि अख्खा वर्ग खिदळला. मीही हसले. थंडी पाठ फिरवते, पाती माना टाकतात आणि आमच्या भांडगावच्या शिवारात हे दिवस सुरू होतात. हायवेवरच्या गाड्यांचा आवाज तर बारमाही. तो आता कानांना लागतच नाही. पण त्याच्याही पलीकडून, तरवडाच्या माळाकडून एक शीळ येते, ती बरोबर लागते. वरून खाली घसरत येणारी, शेवटी जराशी थरथरणारी. ती आली की हातातलं काम थांबतं. आलास का बाबा, ये, असं मी दरवर्षी मनातल्या मनात म्हणते. यंदा तेवढंही म्हणवलं नाही.

डोंबारी हे त्या पाखराचं नाव. चिमणीएवढाच. नर पाठीवर राखाडी आणि पोटाकडून काळा, घाईघाईत कुणी शाईच्या दौतीत टेकवून उचलल्यासारखा. मादी म्हणजे नुसती माती. ढेकळाशेजारी बसली तर ढेकूळ कोणतं आणि ती कोणती, हे ती हलेपर्यंत कळत नाही. माळावर हिवर आहेत, बाभळी आहेत, बोरी आहेत. यांना झाडांचं काही कौतुक नाही. दाणे टिपायचे भुईवर, निजायचं भुईवर, अंघोळ धुळीत, आणि घरटं एखाद्या ढेकळाच्या आडोशाला, गुराच्या खुरानं पडलेल्या खळग्यात. आभाळ फक्त गाण्यापुरतं. नर पंख फडफडवत सरळ वर चढतो, मग पंख मिटून खाली सुटतो. आता आपटलाच, असं वाटेपर्यंत येतो आणि सावरतो. पुन्हा चढतो, पुन्हा सुटतो. ती शीळ त्या पडण्यातली आहे. वर जाताना तो एवढं गात नाही.

मला तो आप्पांनी दाखवला. आप्पा म्हणजे माझे सासरे. मी केंदूरची. लग्न होऊन इथं आले तेव्हा नवरा रांजणगावच्या एका कंपनीत शिफ्टला होता आणि तिकडंच दोघा-तिघांत खोली करून राहायचा, आठवड्याच्या सुट्टीला मोटारसायकलवरून घरी यायचा. उरलेले दिवस घरात मी, सासूबाई आणि आप्पा. सासूबाईंना मी आत्या म्हणते. आत्यांचं आणि माझं सुरुवातीला फारसं जमायचं नाही. मी भाकरी थापताना त्या अशा बघायच्या की भाकरीच घाबरून फाटायची. आप्पांना ते कळायचं. मग ते हाक मारायचे, "मास्तरीणबाई, जरा माळावर चला, एक गंमत दावतो." खरं तर मी तेव्हा मास्तरीण झालेही नव्हते, नुसतं डी.एड. झालं होतं.

अशाच एका सकाळी त्यांनी मला डोंबाऱ्याचं घरटं कसं शोधायचं ते सांगितलं. मादी चोचीत काडी घेऊन समोर उतरली होती आणि मी लगेच तिकडं धावायला निघाले. त्यांनी हातानंच थांबवलं.

"जिथं उतरती तिथं घरटं नसतंय. लांब उतरती, आन् मग चालत जाती. मधी थांबती, उगंच माती उकरल्यावानी करती. बघणाऱ्याला वाटावं, हिचं काय न्हाई इथं. तिच्या उडण्याकडं बघू नका, चालण्याकडं बघा."

आम्ही बसून राहिलो. ती खरंच चालत गेली. दोन ठिकाणी खोटंखोटं थांबली आणि मग एका ढेकळामागं दिसेनाशी झाली. एवढ्याशा जिवाला एवढं नाटक कुणी शिकवलं असेल, असं मी म्हणाले. आप्पा म्हणाले, "ज्येला लपवायचं असतंय त्येला येतंयच."

ते वाक्य मी तेव्हा सोडून दिलं होतं.

त्याच्या पुढच्या फाल्गुनात मला सातवा महिना होता. कांदा काढायला बाया लागल्या होत्या आणि मी त्यांचं जेवण घेऊन वावरात गेले होते. पाटी खाली ठेवली आणि कंबरेतून कळ आली. पुढचं सगळं तुकड्यातुकड्यांनी आठवतं. शेजारच्यांचा टेम्पो, त्यात पसरलेलं बारदान, त्या बारदानालाही कांद्याचाच वास. आत्यांनी माझं डोकं मांडीवर घेतलं होतं आणि त्या एकसारख्या म्हणत होत्या, "झालं, आलंच दौंड." दौंड काही येत नव्हतं. पुढं ड्रायव्हरशेजारी आप्पा बसले होते. त्यांनी एकदाही मागं वळून बघितलं नाही.

मुलगी झाली. दवाखान्यातल्यांनी करायचं ते सगळं केलं, पण ती संध्याकाळ काही तिनं बघितली नाही. मी तिला एकदाच पाहिलं. कपाळावर काळी लव होती आणि मुठी घट्ट मिटलेल्या. उघडून बघावं असं वाटलं, पण हात उचलेना. मग आप्पा दारात आले. टोपी काढून हातात धरलेली. आत्यांनी आपल्या जुन्या लुगड्याचा तुकडा त्यांच्यापुढं केला. त्यात तिला घेऊन ते जिना उतरले. खिडकीतून मला त्यांची पाठ दिसली, एका बाजूला जराशी कललेली. एवढंच.

लहान लेकराला आमच्यात जाळत नाहीत, पुरतात. वर दगड ठेवतात आणि बोराटीच्या काट्या टाकतात, कुत्र्यांनी उकरू नये म्हणून. चहूबाजूंनी, गच्च. आणि आईनं तिथं जायचं नसतं. जागा विचारायची नसते. विचारलं तर पुढचं लेकरू लाभत नाही म्हणतात. हे मला कुणी समोर बसवून सांगितलं नाही. सगळे ज्या तऱ्हेनं गप्प झाले त्यातून कळलं. नवरा दुसऱ्या दिवशी आला. त्याला निरोपच उशिरा मिळाला होता. तो खाटेशी बसला, माझे पाय चेपत राहिला आणि कंपनीच्या बसविषयी काहीतरी बोलला.

घरी आले आणि दूध आलं. अंगाला कोण सांगणार, की बाई, आता घेणारं कुणी नाही? आत्यांनी फडकं घट्ट बांधून दिलं. माझ्या भाकऱ्यांना नावं ठेवणाऱ्या आत्या, त्या दिवसांत माझी वेणी घालायच्या, आणि वेणी घालताना मागून त्यांचा श्वास अडकल्यासारखा यायचा. पण जागेचा विषय निघाला की त्याही भिंतीकडं बघायच्या.

"आत्या, कुठं ठेवलं तिला?"

"नको इचारू गं. माती झाली तिची."

"कुठल्या मातीत, एवढंच सांगा."

"माती समदी एकच असती, पोरी."

हे मला पटलं नाही, आजही पटत नाही. माती एकच असती तर कांद्याला कुठलंही वावर चाललं असतं. नवऱ्याला विचारलं, तर तो म्हणाला, मला माहीत नाही, आणि ते खरंच होतं. आप्पांना विचारलं तेव्हा ते बैलांना वैरण टाकत होते. हातातली पेंढी तशीच धरून त्यांनी माळाकडं नजर लावली. मग आत निघून गेले. ती नजर मी उत्तर म्हणून घेतली.

घरात बसून मी वेडी होईन असं आत्यांना वाटलं असावं. त्यांनी मला वावरात नेऊन हिवराखाली बसवायला सुरुवात केली. काम काही करायचं नाही, नुसतं बसायचं. समोर बाया वाकून कांदा उपटायच्या, ढीग लावायच्या, विळ्यानं पात कापायच्या. कच्च कच्च असा आवाज दिवसभर. एरवी या बायांची तोंडं कधी मिटायची नाहीत, एकमेकींच्या नवऱ्यांची पार सालं काढायच्या; पण माझ्याजवळ पाण्याला आल्या की आवाज खाली यायचा. त्या दबक्या आवाजाचा मला फार राग यायचा. मग मी त्यांच्याकडं पाठ करून माळाकडं तोंड करायची.

आणि माळावर डोंबारी. तो जणू पैज लावून वर चढायचा आणि खाली पडायचा. मला ते बघवायचं नाही आणि नजरही हटायची नाही. आप्पांनी शिकवल्याप्रमाणं माद्यांच्या चालण्याकडं बघत मी त्या दिवसांत घरटी शोधून काढली. गवताच्या काड्यांची वाटी, कडेला बारीक खडे मांडलेले, आत मातकट ठिपक्यांची अंडी. जवळ जायचे नाही, लांबूनच बघायचे. भर दुपारी माळ तव्यासारखा तापतो. तेव्हा नर आणि मादी आळीपाळीनं येऊन घरट्यावर उभे राहायचे. अंडी उबवायला नाही, सावली द्यायला. पंख थोडे उघडायचे, चोच वासायची आणि उभं राहायचं, उन्हाकडं पाठ करून. एकदा मी त्या मादीला मोठ्यानं म्हणाले, "तुझं बरं आहे गं." पलीकडं बाया चमकून बघायला लागल्या.

मग एके दिवशी मला आप्पा दिसले. सकाळची वेळ. ते कालव्याकडं निघाले होते. मध्येच बांधावर थांबले, पायानं माती उकरल्यासारखं केलं. मग उलट्या दिशेला गेले, एका बोरीपाशी वाकले. इकडंतिकडं बघितलं. आणि तिथून, अगदी सावकाश, माळाच्या उतारावर एका जागी गेले. खाली बसले. थोड्या वेळानं परतताना पुन्हा तसाच वळसा.

तिच्या उडण्याकडं बघू नका, चालण्याकडं बघा. मी अशी ताडकन उठले की शेजारी ठेवलेली कळशी कलंडली.

दुपारी बाया जेवायला बसल्या तेव्हा मी गेले. तरवडाच्या दोन झुडपांमध्ये दगड मांडलेले होते आणि त्यावर बोराटीच्या काट्या. नुकत्या तोडलेल्या, पानं अजून हिरवी. एवढीशीच जागा, सुपाएवढी. मी खालच्या बाजूनं, घराकडून गेले होते. जवळ जायचा धीर झाला नाही. हात जोडायचे की काय करायचं कळेना. लेकराला कुणी हात जोडतं का? उभी राहिले आणि परत आले. पण त्या रात्री मी झोपले. दवाखान्यातून आल्यापासून पहिल्यांदा.

दुसऱ्या दिवशी मी तिच्यासाठी शिवलेलं टोपडं घेऊन गेले. आत्यांच्याच चोळीच्या खणाचं, कडेला पांढरी पट्टी. काट्यांच्या कडेला एका दगडाखाली ते सरकवलं. काट्यांच्या आत बघितलं नाही. डोळ्यांना काही दिसत असतं तर बघितलं असतं. एक मादी थोड्या अंतरावर चालत होती, थांबत होती. मला बरं वाटलं, की इथं तिला सोबत आहे.

आप्पांना मी काही बोलले नाही. घरटं सापडलं हे पाखराला कळू द्यायचं नसतं. कळलं तर ते घरटं सोडतं. आप्पांनी एवढ्या कष्टानं लपवलेलं मी उघड केलं असतं तर त्यांनी काट्या टाकायचंच सोडलं असतं, असं मला वाटलं.

वर्षं गेली. मला नोकरी लागली. मुलगा झाला, तो लाभला, आता पुण्यात इंजिनिअरिंगला आहे आणि त्याला कांद्याच्या वासानं डोकं दुखतं. नवऱ्यानं कंपनी सोडून शेती धरली. बैल गेले, ट्रॅक्टर आला. माळाच्या वरच्या अंगाला कुणाकुणाचे प्लॉट पडले, तारेची कुंपणं आली, डोंबारी थोडे खाली सरकले. पण दर फाल्गुनात, कांदा काढणीला लागला की, आप्पा कोयता घेऊन बोरीकडं जायचे. जुन्या काट्या वाळून मोडलेल्या असायच्या, त्या काढून नव्या टाकायचे. आणि त्यानंतर एखाद्या दिवशी मी जाऊन बसायची. तिथं मी तिच्याशी फार काही बोलायची नाही. भाऊ दहावीला बसला, तुझ्या आजीचे गुडघे दुखतात, एवढंच. ती केवढी झाली असती, याचा हिशोब मात्र आपोआप व्हायचा. मोठी व्हायची ती माझ्या मनात, आणि जागा सुपाएवढीच.

एकदाच आमची गाठ पडली. मी बसले होते आणि आप्पा खांद्यावर काट्यांचा भारा घेऊन समोरून आले. दोघंही चोरी पकडल्यासारखे झालो.

"काय करतीस गं उन्हाची?"

"काही नाही आप्पा. डोंबारी बघत होते."

त्यांनी भारा हळूच खाली ठेवला. गळ्यातल्या उपरण्यानं तोंड पुसलं, बराच वेळ पुसलं.

"बघ की. हाय इथंच. जातंय कुठं."

मग ते काट्या मांडायला लागले आणि मी दगड देत राहिले. तिन्ही बाजू गच्च झाल्या, फक्त उगवतीच्या बाजूला वीतभर जागा उघडी राहिली. दरवर्षी ती राहायची. मला वाटायचं, म्हातारा माणूस, वाकून वाकून दमतो. म्हणून मी म्हणाले, "आप्पा, इकडं राहिलं."

"राहू दे," ते म्हणाले. "तेवढी वाट असावी."

गेल्या भाद्रपदात आप्पा गेले. फार दिवस काढले नाहीत. शेवटी बोलणं तुटक झालं होतं. ट्रॅक्टरचं डिझेल, नातवाची परीक्षा, असं मधूनमधून. मला बोलावून माझ्या डोक्यावर हात ठेवला. काहीतरी सांगायचं होतं असं त्यांच्या ओठांवरून वाटलं. पण त्यांनी एवढंच विचारलं, "शाळा न्हाई का आज?"

आणि यंदा कांदा चांगला आला. तो साठवायला नवी चाळ बांधायची असं नवऱ्यानं ठरवलं. चाळीला वारं खेळतं असायला लागतं, पाण्याचा निचरा लागतो, म्हणून त्यानं माळाचा उतार निवडला. चुन्याची फक्की मारून जागा आखली. मी शाळेतून येताना ती पांढरी रेघ बघितली. ती तरवडाच्या त्या दोन झुडपांवरून गेली होती.

मी घरी येऊन जे बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. एवढ्या वर्षांचं होतं. नवरा आधी चिडला, मग गोंधळला. "अगं पण तिथं काय आहे?" त्याला खरंच माहीत नव्हतं, आणि माझ्या तोंडातून ते वाक्य निघेना. आत्या ओसरीत पात कापत बसल्या होत्या. गुडघे गेलेत तरी हंगामात विळा सोडत नाहीत. त्यांचा हात थांबला.

"तू जरा बाहीर जा," त्या आपल्या मुलाला, माझ्या नवऱ्याला म्हणाल्या. तो उंबऱ्यापर्यंत गेला आणि तिथंच उभा राहिला.

"बस हितं," त्या मला म्हणाल्या. "तिथं काय न्हाई गं पोरी. तिथं कवाच काय नव्हतं."

मला वाटलं, त्यांना समजलंच नाही मी कशाविषयी बोलते आहे.

"टोपडं ठिवलंवतंस ना तू? माज्या खणाचं." त्यांनी विळा बाजूला ठेवला. "ह्यांनी बघितलं ते. घरी आले, जेवले न्हाईत. मला म्हनले, सूनबाईला वाटतंय पोरगी तिथं हाय. म्या आता काय करू? तिथं पाखराचं घरटं व्हतं गं. डोंबाऱ्याचं. मेंढरं तुडवतील म्हनून ह्यांनी काट्या टाकलेल्या. पोरीला पुरून आल्यापासनं त्यास्नी कशात करमत नव्हतं. म्हनायचे, एवढं तरी राहू दे माज्या हातनं."

"मग ते लपतछपत का जायचे?"

"सरळ गेलं की कावळा बघतो न्हवं. मागनं येऊन अंडी खातो."

मी विचारलं, "आणि ती?"

आत्या खाली बघत होत्या. मांडीवरची टरफलं एक एक करून उचलत होत्या. "दौंडलाच. भीमंच्या काठाला. सांजच्या पारी एकटा गडी, कुटं आननार व्हता हितवर? कुनाच्या तरी हातापाया पडून खोरं घेतलं. मागनं पावसाळ्यात पूर आला. ह्ये बघाया गेलेवते. काठच राह्यला नव्हता. ते तुला कसं सांगायचं? मी म्हनले, तिला वाटतंय ना माळावर हाय, मग असू द्या माळावर. तवापासनं ह्ये दरसाल काट्या टाकायचे. घरटं असू दे, नसू दे."

मग मांडीवरची टरफलं झटकत त्या म्हणाल्या, "जाताना मला तेवढंच सांगून गेले. काट्या टाकायच्या राहू देऊ नगा."

मला आधी राग आला. कुणाचा, ते सांगता येत नाही. आप्पांचा, आत्यांचा, नदीचा, माझ्या त्या सगळ्या बोलण्यांचा, जी मी रिकाम्या दगडांपुढं केली. भाऊ दहावीला बसला म्हणून कुणाला सांगितलं मी? ढेकळाला? माझी मुलगी दुसऱ्यांदा गेली, असं मला झालं, आणि यावेळी तर तिला न्यायलाही कुणी नव्हतं. मी आत जाऊन दार लावून रडले. बाहेर आत्या पुन्हा पात कापायला लागल्याचा आवाज येत होता. त्यांना दुसरं काय येत होतं?

रविवारी नवऱ्यानं न विचारता गाडी काढली. दौंडला गेलो. भीमेचं पाणी आटून मधोमध गेलं होतं, काठाला जलपर्णी वाळून पडलेली, म्हशी, लांब रेल्वेचा पूल. आम्ही दोघं उभे. कुठं म्हणून बघायचं? इथं की तिथं? की पुलाच्या पलीकडं? मी ऐकत राहिले. डोंबारी काही नदीकाठाच्या चिखलात येत नाही. त्याला कोरडी जागा लागते.

नवरा माझ्याकडं न बघता म्हणाला, "कशी होती गं ती?"

माझ्या लक्षातच आलं नव्हतं, की त्यानं तिला पाहिलंच नाही. तो आला तोवर सगळं आटोपलं होतं, आणि इतक्या वर्षांत त्यानं विचारलं नाही, मी सांगितलं नाही. मी सांगितलं. कपाळावर लव होती. मुठी मिटलेल्या होत्या. नाक तुमच्यासारखं. तो ऐकत होता आणि मान हलवत होता. मग त्यानं नदीकडं तोंड करून रुमाल काढला. आम्ही आणखी थोडा वेळ थांबलो आणि घरी आलो.

चाळीची फक्की त्यानं दुसऱ्या दिवशी पुसली. विहिरीकडच्या बाजूला नवी मारली. तिकडं वारं जरा कमी आहे, पण चालेल म्हणाला.

काल आम्ही दोघं माळावर गेलो. आप्पांचाच कोयता होता. गेल्या वर्षीच्या काट्या वाळून करड्या झाल्या होत्या, आप्पांनी मांडल्या तशाच. मी त्या काढल्या आणि पहिल्यांदाच आत वाकून बघितलं. दगड, थोडं गवत, एका ढेकळाखाली खळगा. घरटं नव्हतं. टोपडं तर कधीच मातीत मिसळलं असेल. वर डोंबारी चढत होता, पडत होता. मादी लांब उतरली होती आणि तिसरीकडंच चालत निघाली होती.

नवरा बोराटी तोडून देत होता, मी मांडत होते. बोटांत काटे मोडत होते. पश्चिमेला ढेकूळ आणि उगवतीला उघडं; दुपारनंतरचं ऊन त्या खळग्यात शिरत नाही, आणि पाखरू समोरून चालत येऊ शकतं. लेकराच्या जागेला कुणी वाट ठेवत नाही. इतकी वर्षं ती वीतभर जागा माझ्या डोळ्यांपुढं होती. तिथं पाखरू नसतानाही आप्पांनी ती कधी बुजवली नाही.

तिन्ही बाजू भरल्या. नवऱ्याच्या हातात शेवटची फांदी होती. तो घाम पुसत पुढं आला आणि वाकून म्हणाला, "अगं, इकडं राहिलं."

"राहू दे," मी म्हणाले. "तेवढी वाट असावी."